सस्टेनेबिलिटी रिपोर्ट म्हणजे काय? छोट्या उद्योगाने तो कसा तयार करायचा?

माझ्या मामाचं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. मागच्या वर्षी त्याच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीने एक एक्सेल शीट पाठवली. वर्षभरात वीज किती वापरली? डिझेल किती? पाणी किती? स्कोप १ आणि स्कोप २ उत्सर्जन किती? मामाने ती शीट मला व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, "तू कॉम्प्युटरवाला ना, भर काहीतरी आणि पाठव. ऑर्डर अडकायला नको."

हे "भर काहीतरी" किती महागात पडू शकतं, ते मला नंतर कळलं. तुमच्या घरी किंवा ओळखीत कुणाचा छोटा उद्योग असेल, तर अशी शीट तुमच्याकडेही येऊ शकते. म्हणून हा विषय सोप्या भाषेत समजून घेऊया.

सस्टेनेबिलिटी रिपोर्ट म्हणजे काय?

ताळेबंदात पैशांचा हिशेब असतो, तसा या रिपोर्टमध्ये बाकीच्या गोष्टींचा असतो. ऊर्जा, पाणी, कचरा, कार्बन उत्सर्जन, कामगारांची सुरक्षितता, कामावर झालेले अपघात वगैरे.

छोट्या उद्योगाला हा रिपोर्ट सक्तीचा आहे का?

नाही. भारतात सेबीने २०२१ मध्ये बीआरएसआर, म्हणजे बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट आणला. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक झाला. मामाचं शॉप त्यात कुठेच बसत नाही.

मग मामाला का विचारतात?

याचं उत्तर तीन स्कोपमध्ये आहे.

- स्कोप १: आपल्या जागेत किंवा आपल्या गाडीत जळलेलं इंधन. उदा. जनरेटरचं डिझेल.
- स्कोप २: विकत घेतलेली वीज.
- स्कोप ३: आपल्या साखळीतलं बाकी सगळं. कच्चा माल, सुटे भाग, ट्रान्सपोर्ट इत्यादी.

मामा जो पार्ट बनवतो त्यासाठी जळलेली वीज मामाच्या हिशेबात स्कोप २ आहे. तोच पार्ट मोठी कंपनी विकत घेते, तेव्हा ती वीज कंपनीच्या स्कोप ३ मध्ये जाते. कंपनीला स्वतःचा आकडा काढायचा तर पुरवठादारांना विचारावंच लागतं. म्हणजे कायद्याची सक्ती नसली तरी ग्राहकाची मागणी येतेच.

एक्स्पोर्ट करणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. युरोपियन युनियनच्या सीबीएएम या कार्बन शुल्काचा मुख्य टप्पा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे. त्यात पोलाद आणि ॲल्युमिनियमसोबत लोखंडी नट-बोल्टसुद्धा येतात.

कार्बनचा आकडा कसा काढायचा?

हे वाटतं तेवढं अवघड नाही. वापर गुणिले उत्सर्जन गुणांक, बस्स.

भारतातल्या ग्रिडच्या एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. नेमका गुणांक दरवर्षी थोडा बदलतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण तो मोफत प्रसिद्ध करतं, तिथून आपल्या वर्षाचा घ्यायचा. एक लिटर डिझेलमागे साधारण २.७ किलो धरतात.

मामाच्या शॉपचा हिशेब गोल आकड्यांत असा होता:

- वीज: १,४४,००० युनिट × ०.७ = सुमारे १०१ टन
- डिझेल: १,८०० लिटर × २.७ = सुमारे ४.९ टन

माझी चूक कुठे झाली?

मी पहिल्यांदा विजेचा आकडा १,५२,००० भरला होता. औद्योगिक बिलावर केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच असे दोन आकडे असतात. प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जा केडब्ल्यूएचमध्ये असते. केव्हीएएचमध्ये पॉवर फॅक्टरचा परिणामही धरलेला असतो. मामाच्या बिलात पैसे केव्हीएएचवर लागतात, म्हणून मी तोच आकडा उचलला. पण गुणांक केडब्ल्यूएचसाठी असतो!

फरक ५.६ टनांचा आला. म्हणजे वर्षभरात जाळलेल्या सगळ्या डिझेलपेक्षा माझी चूक मोठी होती. शिवाय पाण्याच्या रकान्यात मी मामाला फोनवर विचारून अंदाजाने आकडा टाकला होता.

दोन आठवड्यांनी कंपनीने बिलं मागितली आणि शीट परत आली. मामा रागावला नाही, पण म्हणाला, "वीस वर्षं माल दिला, एक पीस कधी खोटा मोजून दिला नाही. आता यांना आमचं मापच खोटं वाटेल." ते मला जास्त लागलं. मग आम्ही बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून सगळं पुन्हा भरलं. टँकरच्या पाण्याची नोंदच नव्हती, तिथे "मोजलेले नाही, पुढील महिन्यापासून नोंद ठेवू" असं सरळ लिहिलं. ती शीट मंजूर झाली.

मोबाईलवर सुरुवात कशी करायची?

१. गुगल ड्राइव्हवर वर्षाचं एक फोल्डर करा. त्यात वीज, डिझेल, पाणी, कचरा असे चार भाग.

२. बिल किंवा पावती आली की त्याच दिवशी स्कॅन करून टाका. डिझेलच्या पावतीची शाई उडते, त्यामुळे फोटो लगेच काढा.

३. गुगल शीट्समध्ये महिन्याला एक ओळ. आकडा, एकक आणि तो कुठल्या बिलावरून घेतला, हे तिन्ही लिहा.

४. घातक कचऱ्याचे आकडे वेगळे शोधू नका. वापरलेलं ऑइल वगैरेसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दरवर्षी ३० जूनपर्यंत फॉर्म ४ भरावा लागतो. तेच आकडे इथे चालतात.

५. एकूण आकड्यासोबत उलाढालीच्या प्रमाणातला आकडाही काढा. ऑर्डर वाढल्या की वीज वाढणारच. प्रत्येक लाख रुपयांच्या कामामागे किती युनिट लागले, यावरून खरी सुधारणा दिसते.

प्रश्न काय असतात याचा नमुना हवा असेल, तर युरोपातल्या एफ्राग संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये छोट्या उद्योगांसाठी व्हीएसएमई नावाचं ऐच्छिक मानक काढलं आहे. त्याचा बेसिक भाग ११ मुद्द्यांचा आहे आणि बराचसा आपल्याकडेही लागू पडतो.

यातून उद्योगाला काय मिळतं?

दर महिन्याचे युनिट एका खाली एक दिसायला लागले, तेव्हा मामाने स्वतःच शोध सुरू केला. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद असतानाही कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी चालू होत होता. हवेची लाइन दोन जागी गळत होती. ती त्याच आठवड्यात दुरुस्त केली.

यंदाची शीट अजून आलेली नाही. पण फोल्डरमध्ये बिलं मामा स्वतः टाकतो, आणि प्रत्येक फोटोखाली "केडब्ल्यूएच बघ" असं मला मुद्दाम लिहितो.