खरूज की वावडं? कुत्र्याच्या खाजेचा इतिहास

(या भागाचं शब्दांकन. बोलताना राहून गेलेले एक-दोन धागे लिहिताना जोडले आहेत.)

आज लढाया नाहीत, राजे नाहीत. आजचा विषय आहे कुत्र्याची खाज. हसू नका, यात १८३२ सालची मुंबई आहे, पॅरिसची एक प्रयोगशाळा आहे, पुण्यातलं एक तण आहे आणि आमची भिवंडीही आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. मराठीत 'खरजुलं कुत्रं' ही शिवी आहे. माणसालाही देतात. या दोन शब्दांत एक निदानही लपलंय: कुत्रं खाजवतंय म्हणजे त्याला खरूज झालीय, आणि खरूज झालीय म्हणजे त्याला लांब ठेवा. केस गेलेलं, कातडी लाल झालेलं कुत्रं दिसलं की हात आधी दगडाकडे जातो. पण खाजवणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला खरूज नसते. कितीतरी कुत्र्यांना अ‍ॅलर्जी असते. परिभाषा कोशात तिला 'अधिहर्षता' म्हणतात. घरातला जुना शब्द त्याहून बरा, 'वावडं'. जसं एखाद्याला वांग्याचं वावडं असतं, तसं कुत्र्याला धुळीचं, परागांचं, पिसवेच्या लाळेचं वावडं असतं. ते संसर्गजन्य नसतं. शेजारच्या कुत्र्याला होत नाही, तुमच्या मुलालाही लागत नाही.

हा फरक कळायला जगाला किती वेळ लागला, ती आजची गोष्ट.

किडा आधी सापडला

खरजेचं कोडं लवकर सुटलं. १६८७ साली इटलीतल्या लिव्होर्नोमध्ये बोनोमो आणि चेस्टोनी या दोघांनी खरूज झालेल्या माणसाच्या कातडीतून एक बारीक किडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि फ्रान्चेस्को रेदी या वैज्ञानिकाला पत्रातून कळवलं की खाजेचं कारण हे आहे. एखाद्या रोगाचं बोट थेट सूक्ष्म जिवाकडे दाखवणारी ही अगदी सुरुवातीची घटना. कुत्र्याची खरूजही याच किड्याच्या भाऊबंदाने होते.

आपल्याकडे किड्याचं नाव माहीत नव्हतं, पण उपाय होता. करंजाचं तेल आणि गंधक. गंधक त्या किड्याला खरोखर मारतं. म्हणजे आजीबाईचा बटवा खरजेपुरता बरोबर होता. अडचण अशी, की जी खाज किड्याची नव्हती तिलाही तेच तेल फासलं जायचं. गुण आला नाही की कुत्रं 'वाया गेलेलं' ठरायचं.

मुंबईत कुत्रा कोण होता?

आता मुंबईला येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात वर्षातले ठरावीक महिने भटकी कुत्री मारायची परवानगी होती. प्रत्येक कुत्र्यामागे ८ आणे मिळायचे. बक्षीस लावलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे: पकडणारे घरातली, दारातली कुत्रीही उचलू लागले. ६ जून १८३२ रोजी, पारशी समाजाच्या पवित्र दिवशी, ही मोहीम फोर्टात आली आणि भडका उडाला. पारशी धर्मात मृत्यूनंतरच्या विधीत कुत्र्याला मान असतो, 'सगदीद' त्याला म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, इतर समाजांचे लोक सामील झाले, लष्कराची रसदही अडली. शेवटी सैन्य बोलवावं लागलं.

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. भुलेश्वरला जाणाऱ्यांना ती जागा माहीत असेल. पांजरापोळ म्हणजे आसरा. जनावराला मरेपर्यंत चारा-पाणी मिळेल, ही भावना. उपचार ही त्यापुढची पायरी होती आणि ती चढायला आणखी ५० वर्षं लागली.

१८८० च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं हॉस्पिटल सुरू झालं. साकरबाई या दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नी, आणि पेटिट म्हणजे मुंबईचे मोठे गिरणीमालक. सुताच्या पैशातून जनावरांचा दवाखाना! भिवंडीत लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हा धागा सोडवत नाही. २ ऑगस्ट १८८६ रोजी तिथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील.

पण या दवाखान्यांचं आणि कॉलेजांचं मुख्य लक्ष कोणाकडे होतं? बैलाकडे आणि घोड्याकडे. मुंबईची ट्राम १८७४ पासून घोडे ओढत होते. शेत बैल ओढत होता. १८८९ मध्ये पुण्यात सरकारने जीवाणूशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तीही गुरांच्या साथींसाठी; पुढे ती मुक्तेश्वरला हलली आणि आजची आयव्हीआरआय तिच्यातूनच वाढली. ज्याच्या आजाराने महसूल बुडतो, त्याच्या आजाराचा अभ्यास होतो. कुत्रा काहीच ओढत नव्हता. सरकारी कागदात तो दोनच वेळा यायचा: उपद्रव म्हणून आणि पिसाळला की. त्याला खाज सुटते, रात्रभर झोप लागत नाही, हे लिहून ठेवायचं कुणाला कारण नव्हतं.

नेपच्यून नावाचा कुत्रा

याच सुमारास युरोपात कुत्रा विज्ञानाच्या टेबलावर आला. पण रुग्ण म्हणून नव्हे.

१९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर होते. समुद्रात तरंगणाऱ्या एका निळ्या फुग्यासारख्या जिवाच्या विषाचा त्यांना अभ्यास करायचा होता. पावसाळ्यात जुहूला ज्यांच्या पायाला असे निळे फुगे डसलेत, त्यांना हे विष पक्कं माहीत आहे. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष घेतलं आणि कुत्र्यांना थोडं थोडं टोचलं. कल्पना अशी की हळूहळू सवय होईल, लस दिल्यासारखी.

झालं उलटंच. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिला डोस पचला. तीनेक आठवड्यांनी तेवढाच लहान डोस पुन्हा दिला आणि तो २५ मिनिटांत मेला. शरीराने विष ओळखून ठेवलं होतं, पण त्या ओळखीने त्याला वाचवलं नाही, मारलं. रिशेने या प्रकाराला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' म्हटलं आणि १९१३ चं नोबेल त्याला मिळालं. त्याआधी १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडवला होता. अर्थ साधारण 'वेगळी प्रतिक्रिया'.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला ते असं कळतं: शरीराची सुरक्षा यंत्रणा निरुपद्रवी गोष्टीला शत्रू म्हणून खूण करते. फॉल्स पॉझिटिव्ह. आणि पुढच्या वेळी त्या खुणेवर सगळी फौज सोडते.

आता तारखा बघा. १९०२ मध्ये कुत्र्याच्या देहावर हे शास्त्र उभं राहिलं. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नूनने गवताच्या परागांची इंजेक्शनं देऊन माणसाची अ‍ॅलर्जी उतरवायला सुरुवात केली. आणि प्रयोगाबाहेर, आपोआप, एखाद्या कुत्र्याला माणसासारखी मोसमी अ‍ॅलर्जी होते, ही नोंद आली १९४१ मध्ये. ती केली विटिच या अमेरिकी अ‍ॅलर्जीतज्ज्ञाने. तो माणसांचा डॉक्टर होता. त्या कुत्र्याला रॅगवीड नावाच्या तणाच्या परागांचा त्रास होता. ज्याच्या देहावर शोध लागला, त्याच्या स्वतःच्या खाजेपर्यंत पोचायला जवळजवळ ४० वर्षं गेली.

रॅगवीडचा चुलतभाऊ

रॅगवीड आपल्याकडचं तण नाही, पण त्याच्या अगदी जवळच्या नात्यातलं एक आपण सगळे ओळखतो. गाजर गवत! 'काँग्रेस गवत' म्हणा. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. १९७० च्या दशकात पुण्यात या गवतामुळे माणसांच्या कातडीचे विकार इतके दिसले की जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दखल घेतली.

आता भिवंडीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मानकोली, पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर: गोदामंच गोदामं. दोन गोदामांमधल्या मोकळ्या पट्ट्यात काय उगवतं? गाजर गवत. गावात लूमचं तूस, रस्त्यावर ट्रकची धूळ, आणि जून ते सप्टेंबर भिंतींना पाझरणारी ओल. ओल इथे महत्त्वाची, कारण १९६४ मध्ये हॉलंडमध्ये सिद्ध झालं की घरातल्या धुळीची अ‍ॅलर्जी मुख्यतः धुळीतल्या एका बारीक किड्यामुळे होते, आणि तो दमट हवेत फोफावतो. जुन्या गोणपाटावर, कापडाच्या चिंध्यांच्या ढिगावर झोपणाऱ्या कुत्र्याला कशाकशाला तोंड द्यावं लागत असेल, विचार करा.

आमच्या गल्लीत भुऱ्या नावाचा कुत्रा आहे. दरवर्षी पाऊस सुरू झाला की पंजे चाटून चाटून लाल, काखा-पोट सोललेलं, कानाला वास. गोदामाचे वॉचमन म्हणाले, "दादा, जळकं ऑइल लावा, दोन दिवसांत बरं होईल." हा सल्ला भिवंडीत गॅरेजागणिक मिळतो. गाडीचं जळकं ऑइल कातडीला भाजतं, आणि कुत्रा ते चाटतो म्हणजे ते पोटातही जातं. आम्ही भुऱ्याला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बोनोमोने १६८७ मध्ये केलं, थोडंफार तेच. किडा नव्हता. पिसवा मात्र होत्या. पिसवांचं औषध दिल्यावर निम्मी खाज गेली, निम्मी राहिली.

मग खाण्याची पाळी. कुत्र्यांच्या अन्न-अ‍ॅलर्जीत बीफ, दूध, कोंबडी, गहू हे नेहमीचे आरोपी. भुऱ्याचा दिवस म्हणजे टपरीवरचा पाव, ट्रक ड्रायव्हरांची बिस्किटं आणि चिकनवाल्याकडचे तुकडे. साधारण ८ आठवडे ठरवलेलं एकच जेवण द्यायचं आणि दुसरं काहीही नाही. एकेक ओळ बंद करून प्रोग्रॅम चालवून बघतात, तसंच. टपरीवाल्या चाचांना, वॉचमनना, शाळेतल्या पोरांना सांगून सांगून ते निभावलं. खाज तशीच. म्हणजे उरली हवा, धूळ आणि पराग. पाऊस सरला की उतार, पुढच्या जूनला पुन्हा.

औषधं कुठून आली

१९५० च्या दशकापासून स्टिरॉइड हाताशी आलं. खाज झटकन थांबते, पण जास्त दिवस दिलं तर तहान, भूक, लघवी वाढते आणि पुढे मोठे त्रास होतात. १९६० च्या दशकात इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी अ‍ॅलर्जीमागचं प्रतिपिंड शोधलं, त्याला १९६८ मध्ये 'आयजीई' नाव मिळालं. मग कळलं की कुत्र्याची खाज आपल्या शिंकांसारखी फक्त हिस्टामिनवर चालत नाही. म्हणूनच माणसांच्या सर्दीच्या गोळीचा त्याला फारसा उपयोग होत नाही. खाजेचा निरोप मेंदूकडे नेणारे रेणू वेगळे आहेत. त्यांची वाट अडवणारी ओक्लासिटिनिब ही गोळी अमेरिकेत २०१३ मध्ये आणि लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन २०१६ मध्ये आलं. यातली दुसरी गोष्ट खास कुत्र्यासाठी घडवलेलं प्रतिपिंड आहे. कोणतं, किती, कधी, हे डॉक्टरच ठरवतील.

एवढं होऊनही अ‍ॅलर्जी 'बरी' होत नाही. ती सांभाळावी लागते. पावसातून आल्यावर पंजे धुऊन कोरडे करणं, झोपायची जागा बदलणं, पिसवांचं औषध वर्षभर चालू ठेवणं, कानाला वास आला की लगेच दाखवणं. कारण सतत खाजवलेल्या कातडीत बुरशी आणि जीवाणू शिरतात, आणि मग खाजेवर खाज चढते.

क्रम लक्षात ठेवा

या सगळ्या इतिहासातून माझ्या हाती एक क्रम लागला. आधी खरूज तपासा. मग पिसवा. मग अन्न. सगळ्यात शेवटी हवा आणि धूळ. खरूज निघाली तर उत्तमच, आज तिच्यावर चांगली औषधं आहेत आणि ती पूर्ण बरी होते. म्हणजे खऱ्या 'खरजुल्या' कुत्र्यालाही हाकलायचं कारण उरलेलं नाही.

आणि हाकलून जाणार कुठे? २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्याला नसबंदी आणि लस देऊन जिथून नेलं तिथेच सोडायचं असतं. ज्या गल्लीतून त्याला दगड मारून पळवाल, त्या गल्लीतच तो राहणार आहे. तर मग आता पावसाआधी, तुमच्या गल्लीत जो रात्रभर कान खाजवतो, त्याची कातडी एकदा खरवडून तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आपली आणि गल्लीचीही.