वाम माशाचे अंथरूण

क्योतोतील व्यापारी-कारागिरांच्या जुन्या लाकडी घराला ‘माचिया’ म्हणतात. अशा घराचे लोकांतले नाव ‘उनागी नो नेदोको’, म्हणजे वाम माशाचे अंथरूण. असेच एक घर भाड्याने घेऊन मी चार रात्री राहिलो, तेव्हा या नावाची खूण पटली. रस्त्याकडची बाजू अरुंद. आत मात्र एकामागे एक खोल्या, उजेड-वाऱ्यासाठी चिमुकले अंगण ‘त्सुबोनिवा’ आणि एका कडेने थेट मागपर्यंत जाणारी मातीच्या जमिनीची वाट ‘तोरिनिवा’. चूल याच वाटेवर. धूर जावा म्हणून वर छपरापर्यंत पोकळी. पुढे दुकान, मागे संसार.

ही रचना जुनी असली, तरी घरे तितकी जुनी नाहीत. १७८८ आणि १८६४ च्या आगींत शहराचा मोठा भाग जळाला. आजची बहुतेक माचिया त्यानंतरची आहेत. १९५० च्या इमारत कायद्यानंतर या पद्धतीने नवे घर बांधणे अवघड झाले. २०१६ च्या पाहणीत सुमारे ४०,००० घरे उरली होती. आधीच्या पाहणीपेक्षा काही हजार कमी. २०१७ मध्ये शहराने जतनासाठी नियम केला.

प्रवाशांच्या भाड्यातून छपराची दुरुस्ती निघते, हे खरे. पण मी राहिलो त्या घरात पुढचे दुकान म्हणजे प्रवाशांच्या बॅगा ठेवायची जागा झाली होती, आणि चूल शोभेची. लाकूड वाचले, धंदा आणि शेजार गेला. पाडण्यापेक्षा हे बरेच. तरी याला जतन म्हणताना अभ्यासकाने त्या घरात कोणता धंदा चाले, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.