कुजबुज, पुटपुट आणि मर्मर

भोर ही पंतसचिवांची राजधानी. शिवकालीन अष्टप्रधानांत राजपत्रे तपासून त्यांतला मजकूर शुद्ध करणे हे सचिवाचे काम होते. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले आणि भोर संस्थान १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत त्यांच्या घराण्याकडे राहिले. अक्षराच्या कमीजास्तीवर नजर ठेवणाऱ्यांच्या या गावात अनुवाद शिकवताना आम्ही एका शब्दगटापाशी हमखास अडतो : 'व्हिस्पर', 'मर्मर', 'मम्बल', 'मटर' (वाटाण्याशी संबंध नाही!). विद्यार्थी चारही ठिकाणी 'पुटपुटणे' लिहून मोकळे होतात.

इंग्रजीतला भेद मुख्यतः उच्चाराचा आणि मनःस्थितीचा आहे. 'व्हिस्पर'मध्ये स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसता श्वास बोलतो. 'मर्मर'मध्ये कंठातला नाद असतो, पण मंद. 'मम्बल' करणाऱ्याचे ओठ नीट उघडत नाहीत आणि 'मटर' करणारा बहुधा चिडलेला असतो. मराठीचे लक्ष मात्र ऐकणाऱ्याकडे आहे. कुजबुजीला दुसऱ्याचा कान लागतो. पुटपुटायला एकटा माणूस पुरतो. संस्कृतातला 'जप्' हा धातूही हळू बोलण्याचाच. पाणिनीच्या सूत्राने सिद्ध होणाऱ्या 'कर्णेजप' या शब्दाचा अर्थ मात्र चहाडखोर! देवापुढे पुण्य ठरणारी क्रिया माणसाच्या कानाशी पाप ठरते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. मोल्सवर्थने आरंभलेला व कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. प्रतिशब्द जोडून देणे हे कोशाचे कामच असते, त्याबद्दल कोशकारांना दोष देण्यात अर्थ नाही. गफलत होते ती संदर्भ न पाहता जोडी उचलणाऱ्याची. १६११ च्या इंग्रजी बायबलात इस्राएल लोक मोशेविरुद्ध 'मर्मर' करतात. मराठी बायबलात ते 'कुरकुर' करतात, आणि ते अचूक आहे, कारण तिथे तक्रार आहे. पण कादंबरीतली प्रेयसी 'मर्मर' करते तेव्हा ती मराठीत 'पुटपुटली', की आम्हाला ती कुणावर तरी मंत्र घालते आहे असेच वाटते. तिथे 'हळुवारपणे म्हणाली' हे साधे शब्द बरे.

गंमत अशी, की 'मर्मर' हा शब्द संस्कृतातही आहे. अमरकोश तो वस्त्रांच्या व पानांच्या आवाजासाठी सांगतो. लॅटिनमधल्या त्याच्यासारख्याच ध्वन्यनुकारी शब्दाने मात्र पाण्याबरोबर माणसाचा आवाजही सामावून घेतला आणि तो फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. आपल्याकडे तो झाडावरच राहिला.