दिव्यातून निघालेली वीज

लोडशेडिंगच्या काळात बारामती एमआयडीसीतल्या जनरेटरची धडधड ऐकताना मला नर्न्स्टचा दिवा आठवायचा. १८९७ चा, झिर्कोनियाचा. त्याच पदार्थातून बाउर आणि प्राइस यांनी १९३७ मध्ये इंधन न जाळता वीज देणारा घट चालवला, पण जवळजवळ १००० अंशांवर! आच कमी केली तर इलेक्ट्रोड मंदावतात. मग संशोधकांनी गुलाबजामची युक्ती केली (उपमा माझी): आधी सच्छिद्र सांगाडा भाजायचा, मग त्यात धातूच्या क्षारांचं द्रावण मुरवून हलकं तापवायचं. आत नॅनोकण उरतात, पृष्ठभाग वाढतो. २००० मध्ये गोर्टे-व्होस यांच्या गटाने तांबं आणि सेरिया असंच मुरवून थेट ब्युटेनवर घट चालवला. घोडं अडतं ते पुढे. तापून तापून हे कण एकमेकांना चिकटतात, वीज उतरते. आणि कारखान्याला घट वर्षानुवर्षं चालायला हवा.