टायमिंग बेल्ट

टायमिंग बेल्ट हा अंतर्ज्वलन इंजिनातील दातेरी रबरी पट्टा होय. भुजादंडाची म्हणजे क्रँकशाफ्टची गती तो कॅमदंडाकडे पोहोचवतो. फोर-स्ट्रोक इंजिनात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांमागे कॅमदंडाची एकच फेरी व्हावी लागते, तरच झडपा (व्हॉल्व्ह) योग्य क्षणी उघडतात व मिटतात. १९६२ मधील ‘ग्लास १००४’ ही जर्मन मोटार असा पट्टा असलेली, मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली मोटार मानली जाते. पट्टा साखळीपेक्षा कमी आवाज करतो. मात्र त्याचे आयुष्य मर्यादित असते. भारतात मारुती ८०० च्या इंजिनात पट्टा होता, तर त्याच कंपनीच्या नंतरच्या के१०बी इंजिनात साखळी आली. आपल्या मोटारीत यांपैकी काय आहे, हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

बदलण्याची मुदत

अनेक उत्पादक पट्ट्यासाठी किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा देतात. यांतील जी आधी संपेल ती पाळायची असते. मोटारीगणिक हे आकडे बरेच बदलतात, म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

कमी धावलेल्या जुन्या मोटारींबाबत गफलत होते ती इथेच. समजा, एखादी मोटार केवळ बाजारहाट आणि दवाखान्यासाठी वर्षाला ३,००० किलोमीटर चालते. बारा वर्षांत तिचे ३६,००० किलोमीटर होतील. पुस्तिकेत १,००,००० किलोमीटर लिहिले असेल, तर तेवढ्यावरून तिचा पट्टा तेहतीस वर्षे टिकावा! प्रत्यक्षात रबर उभ्या गाडीतही जुने होत असते. इंजिनाची उष्णता, हवेतील ओझोन, तसेच गळणारे तेल वा शीतक यांनी ते कडक होते किंवा फुगते. शिवाय वाहतूककोंडीत गाडी उभी असताना इंजिन चालू राहिले, तर पट्टा फिरतो आणि किलोमीटरचा काटा मात्र हलत नाही. ‘गाडी धावलीच कुठे?’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. वर्षांची मर्यादा उलटली असेल, तर किलोमीटर कितीही कमी असले तरी पट्टा बदलावा.

नुसते पाहून निर्णय करणेही धोक्याचे असते. भेगा, झिजलेले दाते, सुटलेले धागे किंवा तेलाचे डाग दिसले तर पट्टा तत्काळ बदलावा, हे खरे; पण उलट अनुमान काढता येत नाही. पट्ट्याचा ताण रबराच्या आतील काचतंतूंच्या दोऱ्या पेलतात आणि त्यांचा अशक्तपणा बाहेरून दिसत नाही. पुष्कळदा पट्टा कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो.

तुटल्यास होणारे नुकसान

पट्टा तुटला की कॅमदंड थांबतो, पण भुजादंड आणि दट्ट्ये (पिस्टन) वेगाच्या भरात फिरत राहतात. ज्या इंजिनात झडपा आणि दट्ट्ये एकाच जागेत आळीपाळीने येतात, त्यास इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. अशा इंजिनात दट्ट्ये उघड्या राहिलेल्या झडपांवर आदळतात व झडपा वाकतात; मग सिलिंडर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. डिझेल इंजिने बहुतेक याच प्रकारची असतात. अन्य इंजिनात गाडी जागच्या जागी बंद पडते एवढेच, अर्थात भर रस्त्यात तेही लहान संकट नव्हे.

पट्टा बदलताना

पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि आयडलर पुली बदलणे इष्ट असते. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालत असेल, तर तोही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. अन्यथा काही महिन्यांनी पंप गळू लागल्यावर सारी खोलाखोल पुन्हा करावी लागते. नवा पट्टा खुणा जुळवून बसवल्यावर भुजादंड हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासतात. मगच इंजिन सुरू करतात.

वापरलेली मोटार विकत घेताना पट्टा बदलल्याची पावती मिळाली नाही, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे. काही कारागीर बदलल्याची तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी इंजिनाजवळ चिकटवतात. पावती हरवली असल्यास आधी तिथे शोधावे.