दोन ओळींची अदलाबदल

वाचकहो, घरात नववी-दहावीतलं मूल असेल तर पुढचा प्रसंग तुम्हाला ओळखीचा वाटेल. आणि तुम्ही स्वतःच ते मूल असाल, एखादा शब्द आजीला विचारत हे वाचत असाल, तर हा लेख मुख्यतः तुमच्यासाठीच आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीने संगणकावर पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र करायला घेतला. प्रोग्रॅमिंग ती नुकतीच शिकत होती. निळा गोळा, पांढरा गोळा, गुरुत्वाकर्षणाचं सूत्र, सगळं जागच्या जागी होतं. चंद्राने एक फेरी घातली. दुसरी जरा मोठी घातली, तिसरी त्याहून मोठी, आणि मग तो जो पडद्याबाहेर गेला तो परत आलाच नाही. तिने सूत्र तीनदा तपासलं. सूत्र बरोबर होतं. लॅपटॉप मिटून ती म्हणाली, "आई, मला फिजिक्स जमत नाही."

मला उत्तर शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. चूक दोन ओळींच्या क्रमात होती, आणि तो क्रम तीनशेहून जास्त वर्षं जुना निघाला.

आधी अडचण समजून घेऊ. निसर्गात चंद्र अखंड फिरतो. संगणकाला अखंड काही करता येत नाही. त्याला पावलं टाकावी लागतात. वेळेचा एक छोटा तुकडा घ्यायचा, तेवढ्या वेळात काय बदललं ते मोजायचं, मग पुढचा तुकडा. प्रत्येक पावलात कामं दोनच:

नवी जागा = जुनी जागा + वेग × वेळ
नवा वेग = जुना वेग + त्वरण × वेळ

बस्स, एवढंच. खेळ असो, उपग्रह असो की द्रवातले अणू, मुळाशी या दोन ओळी असतात. अशा प्रकारे पावलं टाकण्याची पद्धत लिओनार्ड ऑयलर यांनी १७६८ साली त्यांच्या कलनशास्त्रावरच्या ग्रंथात मांडली. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. 'हिडन फिगर्स' सिनेमात कॅथरीन जॉन्सन फळ्यासमोर उभी राहून जी जुनीपुराणी पद्धत आठवते ती हीच.

पण या पद्धतीत एक खोड आहे. स्प्रिंगला टांगलेलं एक वजन घ्या, ज्याला एक झोका पुरा करायला साधारण सव्वासहा सेकंद लागतात. पाऊल ०.१ सेकंदाचं ठेवा. वरच्या दोन्ही ओळींत जुनेच आकडे वापरले, तर प्रत्येक पावलाला त्या झोक्याची ऊर्जा १ टक्क्याने वाढते. एक टक्का म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण पतपेढीत पैसे ठेवलेल्या कुणालाही विचारा, हे चक्रवाढ व्याज आहे. शंभर पावलांत, म्हणजे जेमतेम दहा सेकंदांत, ऊर्जा २.७ पट होते. झोपाळ्याला कुणी हातही लावत नाही आणि तो उंचउंच जात राहतो. आमचा चंद्र असाच पळाला होता.

आता ओळींचा क्रम बदला. आधी वेग बदला, आणि मग त्या नव्या वेगाने जागा बदला. ऊर्जा थोडी वर होते, थोडी खाली येते, पण साठत जात नाही. सूत्र तेच, पाऊल तेवढंच, मेहनतही तेवढीच.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत कशी पोचली ते मला फार आवडतं. १९८१ साली ॲलन क्रोमर या बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये यावर एक लेख लिहिला. आज कित्येक पुस्तकांत या पद्धतीला ऑयलर-क्रोमर पद्धत म्हणतात. पण क्रोमर यांनी लेखात प्रांजळपणे सांगितलं आहे की ही युक्ती त्यांना शाळेत शिकणाऱ्या एका मुलीमुळे कळली. ऑयलरची पद्धत लिहिताना तिच्याकडून चूक झाली, आणि चुकीचा प्रोग्रॅम बरोबर प्रोग्रॅमपेक्षा चांगला चालला! ती शाळा ज्या गावात आहे त्या गावाचं नाव न्यूटन. हे मी रचून सांगत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मंडळींना ते गाव माहीत असेल.

योगायोग इथेच थांबत नाही. खऱ्या न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ साली आला. त्यातल्या पहिल्याच प्रमेयात ग्रह सूर्याभोवती समान वेळात समान क्षेत्रफळ का व्यापतो हे दाखवायचं आहे. त्यासाठी न्यूटनने वेळेचे समान तुकडे केले. एका तुकड्यात ग्रह सरळ रेषेत जातो. तुकडा संपला की त्याला मध्याच्या दिशेने एक धक्का बसतो, वेग बदलतो, आणि त्या नव्या वेगाने तो पुन्हा सरळ जातो. आकृतीत गोलाई नाही, कोपरे आहेत. आधी वेग, मग जागा. संगणकाच्या कितीतरी आधी तो क्रम कागदावर होता, फक्त आकडे घालून चालवण्यासाठी तो कुणी तिथे शोधत नव्हतं.

आकडे घालून चालवायचं काम माणसंच करत. 'कॉम्प्युटर' हा शब्द मुळात माणसाच्या हुद्द्याचा होता. हॅलेचा धूमकेतू परत कधी येणार हे काढायला १७५७-५८ मध्ये पॅरिसमध्ये तिघं बसले: क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत. गुरू आणि शनी त्या धूमकेतूला किती ओढतील याचा हिशेब, तुकड्या-तुकड्याने, सुमारे सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत. लालांद लिहितात की कधीकधी जेवतानासुद्धा. भाकीत होतं एप्रिल १७५९ च्या मध्याचं, महिनाभर मागेपुढे धरून. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला १३ मार्चला. क्लेरोंच्या पुढच्या पुस्तकात मात्र लपोत बाईंचं श्रेय नाही.

दोनशे वर्षांनी हीच गत मेरी त्सिंगू यांची झाली. लॉस अलामॉसला मॅनिॲक नावाचं यंत्र होतं. स्प्रिंगांनी जोडलेल्या वजनांची माळ हलवली तर ऊर्जा सगळीकडे सारखी पसरते का, हे पाहायचा प्रयोग एनरिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लाव उलाम यांनी योजला. प्रोग्रॅम लिहिला आणि चालवला तो त्सिंगू यांनी. ऊर्जा पसरली नाही. काही काळाने जिथून निघाली होती जवळजवळ तिथेच परत आली. १९५५ च्या त्या अहवालातून भौतिकशास्त्राची एक नवी शाखा फुटली. अहवालावर लेखक म्हणून तिघांचीच नावं होती, त्सिंगू यांचे आभार. २००८ मध्ये एका शास्त्रज्ञाने ही बाब लेख लिहून मांडली, तेव्हापासून अनेक जण त्या प्रयोगाच्या नावात चौथं आडनाव जोडतात.

आता शिकागोजवळ येऊ. तिथल्या आर्गॉन प्रयोगशाळेत, म्हणजे तुमच्यापैकी काही जणांच्या घरापासून तासाभरावर, हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान काम करत. १९६४ साली त्यांनी द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू संगणकात घातले आणि पावलापावलाने हलवले. (आर्गॉन हा वायू वेगळा आणि आर्गॉन ही प्रयोगशाळा वेगळी, इंग्रजीत स्पेलिंग निराळं आहे, मराठीत मात्र चांगलाच गोंधळ होतो.) खऱ्या अणूंमधल्या बळांसारखी बळं वापरून द्रवाचं असं चित्र उभं करणारं हे पहिलं काम मानतात. आज अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय भौतिकशास्त्रासाठी त्यांच्या नावाने पारितोषिक देते. तीन वर्षांनी फ्रान्सच्या लू व्हर्ले यांनीही ८६४ कणच घेतले आणि पावलं टाकायची एक साधी, न बिघडणारी रीत वापरली. ती व्हर्ले पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली. उकलून पाहिलं तर ती आपल्या अदलाबदल केलेल्या दोन ओळींची सख्खी बहीण आहे.

अणूंसाठी वापरलेली ही रीत मग खेळांत शिरली. २००१ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये थॉमस याकोबसेन यांनी 'हिटमॅन' खेळातली माणसं आणि कापड व्हर्ले पद्धतीने कसं हलवलं ते उलगडून सांगितलं. पुढे त्याच परिषदेत, २००६ साली, एरिन कॅटो यांनी एकमेकांवर रचलेली खोकी स्थिर कशी ठेवायची ते दाखवायला एक छोटा प्रोग्रॅम आणला. ती खोकी, म्हणून नाव बॉक्स-टू-डी. त्याची लायब्ररी झाली, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये फुकट जोडता येईल असा तयार कोड.

'अँग्री बर्ड्स'मधले पक्षी याच लायब्ररीवर उडत होते. २०११ च्या परिषदेत त्या कंपनीचे प्रतिनिधी भाषण करायला आले. प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं, तुम्ही भौतिकीसाठी कोणती लायब्ररी वापरता? उत्तर आलं, बॉक्स-टू-डी. मग खेळात तिचं श्रेय द्याल का, असं त्याने विचारलं, आणि जाता जाता सांगितलं की ती लिहिणारा एरिन कॅटो तो मीच. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. श्रेय नंतर दिलं गेलं. कायद्याने ते बंधनकारक नव्हतं. परवान्यात एवढंच होतं की उल्लेख केलात तर आनंद होईल. लपोत आणि त्सिंगू यांना असा सभागृहात उठून प्रश्न विचारता आला नाही.

आता तुमच्या हातात कीबोर्ड येऊ द्या. बॉक्स-टू-डीच्या जुन्या आवृत्तीच्या पुस्तिकेत नवख्यांसाठी पहिला धडा होता. चार मीटर उंचीवर एक खोकं, खाली जमीन. साठ पावलं, प्रत्येक पाऊल एका सेकंदाच्या साठाव्या भागाचं. (साठच का? पडदे सेकंदाला साठदा चित्र बदलत आले आहेत, आणि त्यामागे अमेरिकेतल्या विजेची साठ आवर्तनं आहेत. भारतात वीज पन्नासची.) पडद्यावर उंची छापली जाते: ४.००, ३.९९, ३.९८... आणि खोकं थांबतं १.०१ वर. खोक्याचा मध्य जमिनीपासून बरोबर १ मीटरवर हवा होता. नवा मुलगा इथे घाबरतो, आपलं काहीतरी चुकलं म्हणून. काही चुकलेलं नाही. खोकी एकमेकांत रुतू नयेत म्हणून त्या आवृत्तीत लायब्ररी प्रत्येकाला साईसारखं एक पातळ आवरण देत असे, तो वरचा ०.०१ त्याचा.

सुरुवातीचे आकडेही बोलके आहेत. आधी जागा आणि मग वेग असा क्रम असता, तर पहिल्या पावलात खोकं हललंच नसतं आणि ३.९९ एक ओळ उशिरा आलं असतं. म्हणजे कोड न उघडताही आत कोणता क्रम आहे ते तुम्ही ओळखू शकता.

तरीही माझं मत विचाराल तर बॉक्स-टू-डीपासून सुरुवात करू नका. तिथे पाऊल लायब्ररी टाकते. तुम्ही फक्त "पाऊल टाक" म्हणता. आधी ते स्वतः टाकून पाहा. त्यासाठी व्हीपायथॉन चांगलं. २००० साली कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिड शेरर या पदवीच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं, आणि ब्रूस शेरवुड व रूथ चाबे या प्राध्यापक जोडीने ते वाढवलं. आता ते ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. गोळा काढायचं काम लायब्ररीचं. त्याला हलवणाऱ्या दोन ओळी मात्र तुम्हालाच लिहाव्या लागतात. शेरवुड-चाबेंच्या पाठ्यपुस्तकात क्रम ठरलेला आहे: आधी संवेग, मग जागा. मुलांना पंधरा मिनिटांत यातलं काही ना काही हलवता येतं. पालकांना थोडा जास्त वेळ लागतो, हे अनुभवाने सांगते.

लॅपटॉप मिटल्यावर तिसऱ्या दिवशी मी मुलीला न्यूटन गावच्या त्या विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली. तिने काही न बोलता प्रोग्रॅम उघडला आणि एक ओळ कापून दुसरीच्या वर चिकटवली. चंद्र फिरू लागला आणि फिरतच राहिला. मग तिला खोडी सुचली. ती पाऊल मोठं करत गेली, दुप्पट, चौपट, आणखी मोठं. चंद्र पळाला नाही, पण त्याच्या मागची रेघ गोल राहिली नाही. तिला कोपरे फुटले. शेवटी एका फेरीत डझनभरच रेघा उरल्या, प्रत्येक सरळ. मी प्रिन्सिपियातली ती आकृती शोधून तिच्या पडद्याशेजारी धरली.