तळटीप १४ : चाइल्ड सपोर्ट अधिकारी

१४. अमेरिकेत विभक्त पालकाकडून मुलाच्या पोटगीची वसुली करणारा राज्याचा किंवा काउंटीचा सरकारी नोकर. १९७५च्या जानेवारीत संमत झालेल्या संघीय कायद्याने ही व्यवस्था देशभर उभी राहिली. मजकुरातील वर्णनावरून तो दंडुका घेऊन दारात उभा राहणारा शिपाई वाटतो. प्रत्यक्षात त्याचे बहुतेक काम कागदावरचे असते. पितृत्व ठरवणे, बेपत्ता बापाचा पत्ता काढणे, कोर्टाचा हुकूम मिळवणे आणि मालकाला नोटीस धाडून रक्कम पगारातून परस्पर कापून घेणे. वसुलीचा मोठा हिस्सा या पगारकपातीतूनच येतो. थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट नाकारला जातो, वाहन परवानाही निलंबित होऊ शकतो. परवाना गेल्यावर माणसाने कामावर जायचे कसे, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय १९८६च्या दुरुस्तीमुळे एकदा थकलेली रक्कम कोर्टालाही मागील तारखेपासून कमी करता येत नाही. तरीही दोष पदाचा नव्हे. नोकरी सुटल्यास पुढील हप्ते कमी करून घेता येतात आणि त्या फेरविचाराचा अर्जही याच कचेरीत देता येतो. आपल्याकडे असा अधिकारी नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) खाली थकलेल्या पोटगीसाठी आईलाच कोर्टाची पायरी चढावी लागते, तीही रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत. या प्रकरणातल्या आईची निर्धास्तता वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवून वाचावी.